रेंज नसली तरी मिनी मिलिशिया : हॉटस्पॉटवर डाव कसा मांडावा

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस धरला की आधी वीज जाते, मग रेंज. अशा वेळी सुट्टीला आलेली चार भावंडं घरात असली, तर 'मिनी मिलिशिया'सारखा मोबाईलवरचा बंदुकांच्या लढाईचा गेम नाही. फुकट आहे, जुन्या फोनवरही चालतो आणि शेजारी बसलेल्यांशी खेळायला इंटरनेट लागतच नाही. गणपतीत मंडपात रात्री जागणाऱ्या पोरांनाही हा बरा. गोळी लागली की कार्टूनचं का होईना, रक्त उडतं; म्हणून अगदी लहान पोरांच्या हाती देऊ नका.

गेम आधीच, बेळगावात असतानाच, प्ले स्टोअरवरून उतरवून घ्या आणि एकदा उघडून बघा. सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. कुणाकडे जुनी, कुणाकडे नवी असली तर एकमेकांचे डाव दिसायला अडचण येते.

आता जोडणी. ज्याच्या फोनमध्ये चार्जिंग जास्त, त्याने मोबाईल डेटा बंद करून हॉटस्पॉट सुरू करायचा. बाकीच्यांनी वायफायमधून त्याला जोडायचं. इथेच बहुतेकांचं अडतं. 'या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का?' असं फोन विचारतो, तिथे 'हो' म्हणा. नाही म्हटलं तर फोन गुपचूप मोबाईल डेटाकडे वळतो आणि डाव दिसत नाही. तेव्हा सगळ्यांनीच डेटा बंद ठेवलेला बरा. मधल्या जाहिरातीही टळतात. मग गेममध्ये मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या भागात, लॅन-वायफाय (जवळच्या फोनांची आपसांतली जोडणी) निवडा. एकाने डाव मांडायचा, बाकीच्यांनी त्यात शिरायचं. तरीही कुणाला दिसत नसेल तर त्याने वायफाय एकदा बंद-चालू करावं.

खेळायला दोन अंगठे पुरतात. डावा सैनिकाला चालवतो आणि उडवतो, उजवा नेम धरतो. पडद्यावरचा उजवा गोल कडेपर्यंत ढकलला की गोळी सुटते. नवख्याने आधी गेममधल्याच सार्जंटकडचं प्रशिक्षण करून घ्यावं. ते एकट्याने होतं, त्यालाही इंटरनेट लागत नाही.

या गेमची खरी गंमत उडण्यात आहे, आणि नवखा मरतोही तिथेच. पायातल्या रॉकेट बुटांना इंधन मोजकंच असतं. अंगठा वर दाबूनच धरला तर ते मध्येच संपतं, सैनिक थेट खाली येतो आणि खाली कुणीतरी टपलेलंच असतं. "अरे सोड की, सोड!" असं शेजारचा ओरडतो ते यासाठीच. थोडं उडा, सोडा, पुन्हा उडा. सोडल्यावर इंधन परत भरत येतं. उडताना सरळ वर जाऊ नका, तिरके जा. सरळ जाणाऱ्यावर नेम धरणं फार सोपं.

हातातल्या बंदुकीवर समाधान मानू नका. चांगल्या बंदुका नकाशात जागोजागी पडलेल्या असतात. काही लहान बंदुका दोन्ही हातांत धरता येतात. जवळच्या मारामारीत माझी पसंती त्यांनाच. स्नायपर मिळाली तर उंचावर आडोसा धरा आणि दृश्य लांब करणारं बटण दाबा, दूरचा माणूस दिसतो. जखमी झालात तर मिरवत फिरू नका. औषधाची पेटी गाठा किंवा थोडा वेळ खडकामागे थांबा.

'सगळं अनलॉक' केलेल्या फायली गावभर व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्या घेऊ नका. एकाने न संपणारं इंधन लावलं की बाकीच्यांचा खेळच संपतो, शिवाय अशा फाईलमधून फोनमध्ये काय शिरेल याचा भरवसा नाही. गेममध्ये विकत घेण्याच्या वस्तू आहेत, पण घरच्या डावाला त्यांची गरज पडत नाही. फोन आई-बाबांचा असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड मागायला लावून ठेवा.