कडियानाका ते आरटीओ: आदिवासी कामगाराचं लायसन काढून देताना

छोटा उदेपूर, नसवाडी, कवांटकडून बडोद्यात कडियानाक्यावर, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या चौकात, येणारा राठवा, भिल्ल किंवा नायका तरुण मोटरसायकल झकास चालवतो, पण लायसन नसतं. पकडला गेला तर कायद्यानं 5,000 रुपये दंड, म्हणजे कित्येक दिवसांची रोजी. घोडं गाडी चालवण्यात अडत नाही, कागदात अडतं. म्हणून मदतीला बसणाऱ्यानं लायसनाच्या ऑनलाइन अर्जाचं सारथी पोर्टल उघडण्याआधी कागद उघडावेत.

आधार आणि शाळेचा दाखला शेजारीशेजारी ठेवा. एकावर ‘जेसिंगभाई’, दुसऱ्यावर नुसता ‘जेसिंग’. राठवा एकीकडे इंग्रजी ‘व्ही’नं, दुसरीकडे ‘डब्ल्यू’नं. जन्मतारीख माहीत नव्हती म्हणून एका कागदावर 1 जानेवारी, दुसऱ्यावर 1 जून. अर्ज भरल्यावर ही गफलत सापडली तर फी आणि खाडा दोन्ही पाण्यात, तेव्हा दुरुस्ती आधी करून घ्या. मग आधारला जोडलेला मोबाइल नंबर विचारा. रिचार्ज संपला, सिम बंद पडलं, ओटीपी भलत्याच्याच फोनवर, हे नेहमीचं. नंबर बदलायला आधार केंद्रावर न्या. सिमेंट-विटांनी बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर ठसा उमटत नाही. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवायला सांगा. कागदच नसतील तर वय आणि पत्त्यासाठी नोटरी किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोरचं प्रतिज्ञापत्र स्वीकारायची सोय केंद्रीय नियमांत आहे. खिडकीवर हे स्वतःहून कोणी सांगेल अशी आशा नको.

छोटा उदेपूर 2013 साली वेगळा जिल्हा झाला, गाड्यांची पाटी जीजे-34 झाली, म्हणून ‘तिकडेच जा’ म्हणणारे भेटतात. 2019च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज चालतो. टेम्पो-ट्रकच्या लायसनासाठीची आठवी पासची अटही त्याच वर्षी गेली. वय मात्र 20 पूर्ण हवं.

लर्निंगची, म्हणजे शिकाऊ लायसनाची, फी केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक वाहनप्रकाराला 150 रुपये आणि परीक्षेचे 50. पक्क्या लायसनाच्या वेळी चाचणीचे 300, लायसनाचे 200. दलाल याच्या कितीतरी पट मागतो, म्हणून आकडे उमेदवाराला तोंडपाठ करायला लावा.

लर्निंगच्या संगणकावरच्या परीक्षेत खरी अडचण भाषेची. घरात राठवी बोलणाऱ्याला नाक्यावरची गुजराती कळते, पडद्यावरची पुस्तकी गुजराती नाही. ‘फरजियात’ (सक्तीचं), ‘मनाई’, ‘राहदारी’ (पादचारी), ‘सांकडो’ (अरुंद) असे पंधरा-वीस शब्द वेगळे काढून त्याच्या बोलीत समजावा. निम्मं काम तिथंच होतं. चिन्हं आकारावरून शिकवा: गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध, चौकोन म्हणजे माहिती. उलटा त्रिकोण आणि अष्टकोन हे दोन अपवाद, म्हणजे ‘वाट द्या’ आणि ‘थांबा’. ते शेवटी शिकवा, आधी सांगितले तर सगळाच गोंधळ. वाचता न येणाऱ्याला प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवत रोज संध्याकाळी अर्धा तास बसा.

लर्निंग मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते आणि लर्निंग सहा महिनेच टिकतं. हंगामी कामगारांची गाडी इथंच चुकते. होळीला माणूस गावी जातो, कवांटचा गेरचा मेळा आटपून पुढं कुठल्या साइटवर लागेल सांगता येत नाही. दिवाळीनंतर तो शहरात परतला की लगेच लर्निंग आणि जानेवारीअखेर चाचणी, असा बेत ठेवा. नापास झाला तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झाला तर 60 दिवस थांबावं लागतं.

दुचाकीच्या ट्रॅकवर पाय टेकला की संपलं, आणि गावच्या खडबडीत वाटेवर पाय लोंबते ठेवायची सवय असते. मोकळ्या जागेत चुन्यानं नागमोडी रेघ आखा. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक हलका, नजर पुढच्या वळणावर. पुढच्या चाकाकडे पाहिलं की तोल गेलाच. सराव रस्त्यावर असेल तर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावा, आणि पाठीमागे लायसनवाला शिकवणारा सोडून दुसरं कोणी बसवू नका. चाचणीला नेलेल्या गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी पाहून ठेवा. गावात हातोहात विकलेल्या गाडीचा विमा बहुतेक वेळा संपलेला असतो.

शेवटचा घोटाळा लायसनाचं कार्ड घरी आणणाऱ्या टपालाचा. गावच्या घरांना नंबर नसतात, वस्ती फळियांची, म्हणजे पाड्यांची. पत्त्यात फळियाचं नाव आणि लगतची खूण, म्हणजे शाळा किंवा दूध मंडळी (दूध सोसायटी), लिहाच. घरी कोणी नसेल तर पाकीट परत जातं. ते घ्यायला कार्यालयात मूळ आधार आणि अर्ज क्रमांक घेऊन जावं लागतं, म्हणून तो क्रमांक फोनशिवाय एका चिठ्ठीवरही लिहून खिशात ठेवायला सांगा. कार्ड येईतो डिजिलॉकरमधली प्रत पोलिसांना चालते, फक्त ती त्याच आधारशी जोडलेल्या नंबरावर उघडते.