नवा टॅब घेतलाय? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, टॅब घेतला. आमच्या यावल तालुक्यात तो दिवस म्हणजे माहेरवाशिणींचे झोके, आमरस आणि डोकं भणाणून टाकणारं ऊन. पुढच्या आठ दिवसांत ‘पीस खराब निघाला’ म्हणून तीनदा जळगावच्या दुकानात जायला निघालो. तिन्ही वेळा टॅब धडधाकट होता.

उन्हात वापरणं, आणि वर फ्रीज

केळीच्या बागेत घड मोजून नोंदी करत होतो. वीस मिनिटांत स्क्रीन मंद झाली. घरी येऊन चार्जिंगला लावला, तर चार्जिंगच होईना. हा बिघाड नाही. लिथियम बॅटरी तापली की टॅब स्वतःच चार्जिंग थांबवतो आणि उजेड कमी करतो. बऱ्याच कंपन्या वापरासाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं, असं सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं, बंद गाडीत तर विचारूच नका.

भाचा म्हणाला, “मामा, दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा ना!” तेवढं मात्र करू नका. गार झालेली वस्तू गरम हवेत आली की माठासारखा तिला घाम फुटतो, आणि तो आतही फुटतो. कूलरच्या समोर धरणंही नको, ती हवा ओली असते. कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत पंख्याखाली अर्धा तास ठेवा. रबरी कव्हर उष्णता धरून ठेवतं, हे मला फार उशिरा कळलं.

फोनचा जुना चार्जर

टॅबची बॅटरी साधारण ७०००-८००० एमएएच. जुन्या ५ व्होल्ट १ अँपिअरच्या चार्जरवर ती भरायला सात-आठ तास सहज लागतात, आणि मध्येच मुलांनी व्हिडिओ लावला की टक्के जागचे हलत नाहीत. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ९ व्होल्ट २ अँपिअर असेल तर तो १८ वॉटचा. पण टॅब तो वेग घेतो का, हे खोक्यावर पाहून घ्या, आणि केबलही धड असू द्या. ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला, तो सोडून द्या. पहिले दोन-तीन दिवस बॅटरी भराभर उतरली तरी घाबरू नका. अपडेट आणि फोटो उतरवण्याचं काम मागे चालू असतं.

स्क्रीन आपोआप बंद?

याने मला दोन रात्री झोपू दिलं नाही भो. पानं वाचताना मध्येच स्क्रीन काळी व्हायची. शेवटी लक्षात आलं, कव्हर मागे दुमडलं की व्हायची. कव्हरमध्ये चुंबक असतं, आणि ते जवळ आलं की ‘कव्हर मिटलं’ असं टॅबला वाटतं. दुसऱ्याच मॉडेलचं स्वस्त कव्हर घेतलं की चुंबक भलत्या जागी येतं. आधी कव्हर काढून दिवसभर वापरून पाहा, मग दुकानदाराशी भांडा.

कीबोर्ड ‘गेला’

ब्लूटूथ कीबोर्ड दुसऱ्या खोलीत पिशवीत पडलेला, पण चालू. टॅबला वाटतं तो जोडलेलाच आहे, म्हणून स्क्रीनवरचा कीबोर्ड उमटत नाही. कीबोर्डचं बटण बंद करा. अँड्रॉइडमध्ये फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये स्क्रीनवरचा कीबोर्डही दाखवायची सोय असते.

पेनाचं थोडक्यात: टोकाला रबर असलेलं साधं पेन कुठेही चालतं, चार्जिंगचं पेन मात्र त्याच मॉडेलसाठी आहे का ते विचारून घ्या.

मेमरी कार्ड

बाजारात खोट्या आकड्याची कार्डं खूप. फाइल ठेवली जाते, उघडताना मात्र तुटलेली निघते. नवं कार्ड आधी पूर्ण भरून पाहा, फाइली उघडून बघा, मगच लग्नाचे फोटो त्यात टाका. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर कार्ड एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं आहे. आतलं काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

स्क्रीनवर संरक्षक काच चिकटवायची तर बाथरूममध्ये पाणी शिंपडून, धूळ खाली बसल्यावर.

आणि केळीचा चीक. स्क्रीनवरचा ओलसर फडक्याने लगेच पुसला तर निघतो, कापडी कव्हरवरचा नाही. माझ्या कव्हरच्या कोपऱ्यावर माझाच तपकिरी अंगठा उमटलाय.