हानजीवर कोळशाने मेडिटेटिव्ह अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कसं करायचं

मेडिटेटिव्ह अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे श्वासाच्या लयीत, ध्यान केल्यासारखं काढलेलं अमूर्त चित्र, आणि हानजी म्हणजे कोरियातला हाताने बनवलेला कागद. कागदी तुतीच्या सालीपासून करतात आणि लगद्यात भेंडीच्याच कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात, त्यामुळे लांब लांब धागे पाण्यात नीट पसरतात आणि कागद पातळ असूनही सहजासहजी फाटत नाही. पण कोळसा ह्या धाग्यांच्या आत जाऊन बसतो, रबराने अर्धाच निघतो, म्हणून पांढरं कुठे सोडायचं ते आधी ठरवा.

सामान फार लागत नाही. विलो चारकोलच्या (विलो झाडाच्या काड्यांचा चित्रकलेचा कोळसा) दोन-तीन जाड कांड्या, एखादी कॉम्प्रेस्ड चारकोलची कांडी (कोळशाची पूड दाबून केलेली, ही जास्त काळी, पण पुसायला महाकठीण), मऊ ब्रश, पुट्टी रबर (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर), जुनी चादर. हानजी ऑनलाइन मिळतो पण महाग आहे, सरावाला नेपाळी लोक्ता घ्या, तोही झाडाच्या सालीचाच असतो. आपल्याकडचे हॅण्डमेड पेपर बहुतेक सुती चिंध्यांचे, त्यांच्यावर कोळसा वेगळा वागतो.

चादर दुमडून त्यावर कागद ठेवा, टेप लावू नका, काढताना धागे उपटून येतात, कोपऱ्यांवर वजनं ठेवली की झालं. बोट फिरवून बघा, एक बाजू गुळगुळीत लागेल, एक खरबरीत. मी खरबरीत घेते, कोळसा तिथे जास्त पकडतो.

आता मुख्य काम. कांडी आडवी धरा, श्वास सोडत एकच पट्टा ओढा, खांद्यातून, मनगटातून नाही. श्वास संपला की हात उचलायचा. पुढचा श्वास घेताना फक्त बघायचं, मग दुसरा पट्टा, पहिल्याला चिकटून किंवा थोडं अंतर सोडून, आणि चांगलं दिसतंय का हा विचार आला तरी पट्टा मध्येच दुरुस्त करायचा नाही, तो जसा आला तसा राहू दे. पाचसहा पट्ट्यांनंतर हात आपोआप संथ होतो, आणि तिथेच थांबायचा मोह टाळा बरं का, कारण खरी मजा त्यानंतरच सुरू होते.

ली बे ह्या कोरियन चित्रकाराचं काम जरूर बघा, जन्म १९५६चा, १९९०मध्ये पॅरिसला गेला, तिथे रंग परवडेनात म्हणून बार्बेक्यूचा स्वस्त कोळसा घेतला आणि पुढे कोळसाच त्याची ओळख झाली.

ओलं काम करायचं असेल तर कोळशाची पूड करा, मास्क लावून. नुसत्या पाण्यात ती तरंगत राहते, म्हणून डिंकाच्या पाण्याचे दोन-चार थेंब घाला. ब्रश एकदाच फिरवा. ओल्या जागेवर पुन्हा घासलंत तर कागदाला लव सुटते. डाग कडेने पसरेल, पसरू द्या.

वरची पूड फुंकू नका, थुंकीचे ठिपके पडतात, कागद उभा धरून मागून टिचकी मारा. मग हवेशीर जागी साधारण ३० सेंटीमीटरवरून फिक्सेटिव्हचे (कोळसा कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) दोन हलके हात, मध्ये वाळू द्यायचं. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) जाड घ्यायला सांगा.