लहान मुलांना घेऊन गाडीने कोकणात जाताना या चुका टाळा

पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट या वाटेने गुहागर पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास पडते. मोठ्या माणसांची गाडी सकाळी सहाला निघाली तर दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचते. त्याच गाडीत तीन वर्षांचे एक मूल आणि सात महिन्यांचे एक बाळ असेल, तर पोहोचायला दुपारचे तीन वाजतात, आणि ते तीन वाजणार हे घरातून निघण्यापूर्वीच मान्य करणे हीच या सहलीची खरी तयारी आहे. गेली काही वर्षे आम्ही दोन मुलांना घेऊन याच रस्त्याने जातो आहोत. आमच्या आणि नातेवाइकांच्या ज्या ज्या सहली बिघडल्या, त्यांतील बहुतेक मुलांच्या हट्टामुळे बिघडल्या नव्हत्या. मोठ्यांनी वेळ किलोमीटरांवर मोजली होती आणि ती चुकल्यावर पुढचे सगळे घाईने केले होते.

‘रात्री निघू, मुले झोपतील’ हा हिशेब

पहिली चूक निघण्याच्या वेळेची. रात्री अकराला निघावे, मुले झोपून राहतील आणि पहाटे समुद्र दिसेल, हा बेत जवळजवळ प्रत्येक घरात एकदा तरी ठरतो. पण मुले झोपतात तेव्हा गाडी चालवणाऱ्याच्या शरीरालाही झोपच हवी असते, आणि पहाटे दोन ते पाच या वेळात ती सर्वांत गाढ येते. दिवसभर कार्यालयात काम करून आलेला माणूस नेमका याच वेळी घाटाच्या वळणांवर असतो. शिवाय सकाळी उतरल्यावर मुले ताजीतवानी आणि आईवडील पेंगुळलेले, अशा अवस्थेत समुद्रकिनाऱ्याचा पहिला दिवस सुरू होतो, आणि पाण्यापाशी मुलांकडे लक्ष ठेवण्यासाठी त्याहून वाईट अवस्था नाही. पहाटे पाचला निघावे. मुले पहिले दोन तास झोपतात, साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उजाडल्यावर उठतात आणि घाट दिवसाउजेडी लागतो.

दर दोन तासांनी गाडी थांबवून मुलांना खरोखर उतरवले पाहिजे. पेट्रोल भरताना खिडकीतून बिस्कीट देणे म्हणजे थांबणे नव्हे. तान्ह्या बाळाला तर एकाच स्थितीत त्याहून अधिक वेळ बसवून ठेवूच नये. थांबण्याच्या जागा आधी ठरवलेल्या असाव्यात आणि त्यांतील एक जागा मुलांना पळता येईल अशी असावी. कोयनानगरला बागेत घालवलेला पाऊण तास पुढच्या घाटात व्याजासकट परत मिळतो.

मांडीवरचे मूल

या एका चुकीबद्दल मी घरच्या ज्येष्ठांशीही वाद घातलेला आहे, आणि पुढेही घालीन. आजीच्या मांडीवर, आईच्या कुशीत मूल सर्वांत सुरक्षित असते, ही आपली श्रद्धा घरात खरी आहे. धावत्या गाडीत ती खरी नाही. ताशी ५० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडक होऊन हा वेग सेकंदाच्या एक दशांश भागात शून्यावर आला, तर १० किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी हातांना त्या क्षणी सुमारे १४० किलोंचा भार पेलावा लागतो. तो कोणत्याही आईला पेलता येत नाही. बाळ हातांतून सुटते, आणि धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर त्याचे संपूर्ण वजन बाळावर येते. स्वतःच्याच पट्ट्यात बाळालाही गुंडाळून घेणे हे त्याहून घातक, कारण तेव्हा पट्टा आणि मोठे शरीर यांच्या मध्ये बाळ चिरडले जाते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ ब हे कलम आले. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची आसनव्यवस्था न लावता गाडी चालवल्यास त्यानुसार १,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने घेतलेले आसन चुकीचे बसवले जाते, म्हणून त्यामागचे कारण समजून घ्यावे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. म्हणून निदान सव्वा वर्षाचे होईपर्यंत, आणि आसनाची मर्यादा परवानगी देत असेल तर त्यानंतरही, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असलेले आसनच वापरावे; धक्का बसला तर तो पाठ, मान आणि डोके यांवर सारखा विभागला जातो. असे आसन चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीही ठेवू नये. मोठ्या मुलाच्या बाबतीत पट्टा मानेवर आणि पोटावर येत असेल, तर तो पट्टा त्याच्या मापाचा नाही. पट्टा खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जाण्याइतकी उंची, म्हणजे साधारण १४० ते १५० सेंटिमीटर, होईपर्यंत त्याला उंचवटा देणारे बूस्टर आसन लागते.

सात माणसे सात सीटांच्या गाडीत बसवल्यावर मुलाचे आसन बसत नाही, ही अडचण खरी आहे. पण तेव्हा माणसे किंवा सामान कमी करावे, आसन नव्हे. भाड्याची गाडी असेल तर तिच्यात असे आसन असेल हे गृहीत न धरता घरचे न्यावे आणि आदल्या संध्याकाळी बसवून पाहावे. आणि सनरूफमधून मुलांना उभे राहू देण्याची जी नवी हौस हल्ली महामार्गांवर दिसते, तिला पहिल्याच दिवशी ठाम नकार द्यावा. एक अचानक दाबलेला ब्रेक पुरेसा असतो.

गाडी लागते तेव्हा

गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सर्वाधिक होतो. त्याहून लहान बाळांना तो क्वचितच होतो. कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव वळणे जाणवून देतो, पण मुलाचे डोळे मोबाइलच्या पडद्यावर किंवा पुस्तकावर खिळलेले असल्यामुळे ते मेंदूला काहीच हलत नसल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणजे मूल शांत बसावे म्हणून आपण घाटात त्याच्या हाती जो मोबाइल देतो, तोच उलटीचे कारण ठरतो. आमच्या मुलीला कुंभार्लीत पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा आम्ही महामार्गावर तिला मिसळ-पाव खाऊ घातला होता, गाडीत सुगंधाची नवी डबी लावली होती आणि पाटणपासून ती मोबाइलवर चित्रफिती पाहत होती. तिन्ही चुका एकाच वेळी केल्यावर उलटी टळणार कशी?

मोबाइल पाटणलाच काढून घ्यावा आणि मुलाला समोरचा रस्ता दिसेल अशा उंचीवर बसवावे. नुसत्या बाजूच्या खिडकीतून पळती झाडे पाहून काही मुलांना उलट अधिक त्रास होतो. काच थोडी उघडी ठेवावी. पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको: एखादी दशमी, लाह्या किंवा केळे पुरते, तळलेले पदार्थ मात्र घाट उतरल्यावरच द्यावेत. लहान मुलाला ‘मळमळते’ हा शब्द माहीत नसतो. ते ‘पोट दुखतंय’ म्हणते किंवा एकाएकी गप्प होते, जांभया देते, तोंडाला पाणी सुटते, चेहरा पांढरा पडतो. ही लक्षणे दिसताच सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवली, तर अनेकदा उलटी होतच नाही. ‘पाच मिनिटांत पोहोचतोच आहोत’ असे सांगत पुढे रेटू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओला रुमाल आणि कपड्यांचा एक जोड हाताशी असावा. डिकीत सर्वांत खाली ठेवलेला जोड घाटात निरुपयोगी असतो.

औषध द्यायचे असेल तर ते निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास द्यावे लागते. मळमळ सुरू झाल्यावर दिलेले बाहेरच पडते. प्रोमेथाझिन या घटकाची औषधे दोन वर्षांखालील मुलांना द्यायची नसतात, कारण त्यांचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. म्हणून मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून देण्याची सवय पूर्णपणे सोडावी आणि औषध व मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी.

खाणे, पाणी आणि औषधांची पिशवी

सहा महिन्यांखालील बाळाला कोकणातल्या उकाड्यातही वरून पाणी द्यायची गरज नसते. अंगावरचे दूध अधिक वेळा पाजले की पुरते. पावडरीचे तयार केलेले दूध बाहेरच्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये. पावडर, उकळलेले गरम पाणी आणि स्वच्छ बाटल्या वेगवेगळ्या न्याव्यात. कोळंबी, तिसऱ्या, खेकडे यांची मुलाला पहिली चव रात्रीच्या जेवणात देऊ नये. ॲलर्जी उठलीच तर दिवसा डॉक्टर गाठणे सोपे असते.

जुलाब झाल्यावर दोन चुका हमखास होतात. एक लिटरसाठी असलेले ओआरएसचे पाकीट पेल्याच्या अंदाजाने अर्धे-पाव विरघळवले जाते, आणि मग क्षारांचे प्रमाण बिघडते. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात घालावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. दुसरी चूक म्हणजे त्याऐवजी खोक्यातले गोड पेय पाजणे. जास्त साखरेने जुलाब वाढतात. तापाच्या औषधाबाबतही सावध असावे: पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते, त्यामुळे घरची बाटली विसरून वाटेत दुसरी घेतली आणि तेवढेच चमचे दिले, तर मात्रा दुप्पट होऊ शकते. मुलाच्या वजनानुसार किती मिलिलिटर, हे बाटलीच्या तीव्रतेसह कागदावर लिहून घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक गाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावेत.

‘झोपलंय, उठवू नका, दोन मिनिटांत येतो’ असे म्हणून मुलाला बंद गाडीत कधीही सोडू नये. उन्हात उभ्या गाडीचे तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते.

मुक्कामाच्या घरी

गुहागर-दापोलीकडे घरगुती मुक्काम फार सुखाचा असतो, पण ती घरे वाडीत असतात आणि वाडीत विहीर असते. सामान उतरवण्याच्या गडबडीत मुले पहिल्या दहा मिनिटांत कुठे पळतात हे कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून आधी एकाने मुलांना घेऊन विहीर, तिचा कठडा, पाण्याची टाकी, जिना आणि गच्ची पाहून यावे आणि सामान नंतर काढावे. कोकणात लाल विंचू आढळतो, त्यामुळे बूट, टॉवेल आणि पांघरूण झटकूनच मुलांना द्यावे आणि अंधारात अनवाणी फिरू देऊ नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनच्या उपचाराने विंचूदंशातील मृत्यू मोठ्या प्रमाणात रोखता येतात हे दाखवून दिले. पण तो उपचार वेळेत मिळाला तरच उपयोगी असतो. मुलाला विंचू चावला तर झाडपाला किंवा मांत्रिक यांत तास न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

समुद्राच्या वेळा

समुद्रावर जाण्याची वेळ आपण चहा झाल्यावर ठरवतो. ती तिथी पाहून ठरवायला हवी. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हे उलट होते आणि पाण्याचा चढ-उतारही सर्वांत मोठा असतो. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे, म्हणून मुक्कामाच्या घरी किंवा कोळ्यांना विचारून पक्का करावा. पाणी ओसरत असताना ओढ आत असते. कालच्याच जागी, कालच्याच वेळी मुले गुडघाभर पाण्यात खेळली होती, एवढ्यावरून आज ती जागा सुरक्षित ठरत नाही. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर तर पोहण्याचा विचारच नको. हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणावाट ओहोटीलाच करावी, आणि लहान मुले बरोबर असतील तर पाणी पूर्ण उतरल्याची खात्री स्थानिकांकडून करून मगच.

आठ मोठी माणसे किनाऱ्यावर असताना मुले पाण्यात ओढली जातात, कारण प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी पाहतो आहे. वीस-वीस मिनिटांची पाळी लावावी. ज्याची पाळी असेल त्याने फोन पिशवीत ठेवावा आणि हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभे राहावे. हवा भरलेली रंगीत ट्यूब मुलाला तरंगत ठेवते, पण किनाऱ्याशी ठेवत नाही. जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत असेल तर ती पाहता पाहता खोलात जाते.

परतीचा दिवस

परतीच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा समुद्र, मग जेवण, मग दुपारी दोनला निघणे, असा बेत रविवारी हमखास होतो. अंगाला वाळू चिकटलेली, जेवण भरपेट झालेले, मुले दमलेली आणि घाट संध्याकाळी अंधार पडता पडता: जाताना टाळलेल्या सगळ्या चुका येताना एकत्र होतात. समुद्राचा निरोप आदल्या संध्याकाळी घ्यावा, निघणे पहाटेच ठेवावे आणि शक्य असेल तर परतीचा दिवस रविवार नसून शनिवार असावा, म्हणजे सोमवारी शाळेला जाण्यापूर्वी मुलांना एक अख्खा दिवस घरात झोपायला मिळतो.