मुलाखतीत ‘एखादं उदाहरण सांगा’ म्हटलं की अडखळता? आदल्या दिवशी हे करा

काम भरपूर केलेलं असतं, पण ऐनवेळी नेमका प्रसंग आठवत नाही.

१. नोकरीच्या जाहिरातीत मागितलेल्या चार-पाच कौशल्यांखाली रेघ मारा.

२. प्रत्येकासमोर स्वतःच्या कामातला एक प्रसंग तीन ओळींत लिहा: अडचण काय होती, तुम्ही काय केलं, शेवटी काय बदललं. तिसऱ्या ओळीत शक्यतो आकडा हवा. ‘काम लवकर होऊ लागलं’ यापेक्षा ‘तीन दिवसांचं काम एका दिवसात होऊ लागलं’ हे लक्षात राहतं.

३. प्रत्येक प्रसंग मोबाइलवर रेकॉर्ड करत सांगून पाहा. दीड मिनिटात संपायला हवं. अनेकदा बराच वेळ पार्श्वभूमी सांगण्यातच जातो. तिथेच कात्री लावा, दुसऱ्या ओळीला नाही. कारण समोरच्याला तुम्ही काय केलंत तेच ऐकायचं असतं. म्हणून ‘आम्ही केलं’ असं येईल तिथे आपला वाटा वेगळा करून सांगा. यात बढाई नाही.

वाक्यं मात्र पाठ करू नका, तीन मुद्देच लक्षात ठेवा. पाठ केलेलं उत्तर उपप्रश्न आला की कोलमडतं. आणि आधीच्या कंपनीचे गोपनीय आकडे सांगू नका. टक्केवारीत अंदाज द्या.