स्मृतिभ्रंश आणि सरकारी मदत : इंदूरच्या कुटुंबांनी आधी करावयाची कामे

घरातील आजोबांना किंवा काकूंना स्मृतिभ्रंश झाल्याचे कळले की सारे औषधांच्या मागे लागतात आणि कागदपत्रे ‘पुढे बघू’ म्हणून मागे पडतात; परंतु या आजारात सही करण्याची समजच ओसरत जात असल्याने कागदांचे काम पहिल्या काही महिन्यांतच उरकलेले बरे.

प्रथम निदानाची लेखी नोंद मिळवावी. ‘एमवाय’च्या, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवल्यास ‘डिमेन्शिया’ हा शब्द कागदावर स्पष्ट लिहून मागावा; ‘वयोमानाने विसरणे’ एवढ्या शेऱ्यावर पुढचे काही हलत नाही. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत या आजाराचे स्वतंत्र नाव नाही, मात्र त्यातील ‘मानसिक आजार’ या व्याख्येत स्मरणशक्तीचा विकार येतो. त्याच प्रकारात यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी, पोर्टलवर प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते.

मुखत्यारपत्र केले की निभावले, असा समज घरोघरी असतो आणि तोच सर्वांत महागात पडतो. 1872 च्या करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक संतुलन ढळले की ते संपुष्टात येते, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. म्हणून समज शाबूत असतानाच बँकेचे खाते संयुक्त करावे, वारसनोंदी तपासाव्यात, मृत्युपत्र करताना डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली उपचारांबाबतची इच्छा व प्रतिनिधीचे नाव लेखी नोंदवावे.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते व त्यावर कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच, त्यामुळे रोजच्या गोळ्या आणि देखभालीसाठी घरी नेमलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही. अर्जापूर्वी आधार व समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) यांवरचे नाव ताडून पाहावे, कारण येथील कार्यालयांत हिंदीत लिहिताना ‘काळे’ आडनावाचे ‘काले’ होणे नित्याचेच आहे.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 80डीडीबीने ज्येष्ठाच्या उपचारखर्चावर 1 लाख रुपयांपर्यंत वजावट दिली. त्यासाठी 40 टक्के दिव्यांगत्व व मेंदूविकारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते. पेन्शनरांचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, त्यामुळे गोंधळलेल्या माणसाला बँकेत नेण्याची गरज उरत नाही.

मुले सांभाळत नसतील तर 2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) निर्वाहखर्च मागता येतो. कोठे काय मागावे हे कळेनासे झाल्यास 14567 या एल्डरलाइनवर, म्हणजे ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर, सकाळी 8 ते रात्री 8 या वेळेत विचारावे. काळजी घेणाऱ्याचेच मन खचले असेल तर 14416 या टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोलावे. अडलेला अर्ज मंगळवारच्या जनसुनवाईत, पावतीच्या झेरॉक्ससह, कलेक्टर कचेरीत मांडावा.