रानभाज्या ओळखायला शिकताना: पहिलं वर्ष

रानभाज्यांच्या अभ्यासाला लागणारे बरेच जण पन्नास-साठ नावांची यादी घेऊन बसतात आणि महिनाभरात सगळ्याची सरमिसळ होते. पहिल्या वर्षाला पाच वनस्पती पुरेत, त्याही रोज जाता-येता दिसणाऱ्या. मात्र पाच खायच्या तर अभ्यास दहांचा करायचा, कारण प्रत्येकीसोबत तिच्यासारखी दिसणारी विषारी वनस्पतीही तितकीच ओळखता आली पाहिजे. विषबाधा होते ती बहुधा खाण्याजोगी वनस्पती माहीत नसल्यामुळे नाही. तिची जुळी माहीत नसल्यामुळे होते.

सुरुवात घोळीपासून करावी. जमिनीलगत पसरणारं गुळगुळीत, तांबूस, रसरशीत खोड, चमच्याच्या आकाराची जाड पानं आणि सकाळच्या उन्हात उमलणारी लहान पिवळी फुलं. बोंड पिकलं की वरची टोपी झाकणासारखी निघते आणि आत बारीक काळं बी दिसतं. हिच्याच गुंत्यात, तशाच पसरणाऱ्या युफोर्बिया गटातल्या वनस्पती उगवतात. त्यांची पानं पातळ, खोड बारीक आणि मोडल्यावर पांढरा चीक येतो. घोळ मोडली की नुसतं पाणी येतं. चीक पाहताना एकच काडी मोडून थांबू नये. कोरड्या हवेत तो कमी येतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोडून बघावं. चीक आला तर झाड टाकावं आणि हात धुवावेत, डोळ्यात गेल्यास इजा होते. या चिकाच्या वनस्पतींपैकी एकीला मराठीत ‘दुधी’च म्हणतात आणि दुधी भोपळाही दुधीच. नुसत्या बोलीनावावर विसंबू नये ते यासाठी. वहीत शास्त्रीय नाव हवंच: घोळ म्हणजे पोर्चुलाका ओलेरेसिया.

दुसरी चाकवत. कोवळ्या शेंड्यावर आणि पानाच्या मागे पांढरट पिठूळ थर असतो, बोटाला लागतो. पाणी टाकलं तर पान भिजत नाही, थेंब घरंगळतात. धोतऱ्याचं रोप अशाच खतावलेल्या, उकरलेल्या जमिनीत येतं. त्याच्यावर हा थर नसतो आणि पान चुरडलं की उग्र, नकोसा वास येतो. धोतऱ्यातली ॲट्रोपीन, स्कोपोलामीन ही विषारी द्रव्यं शिजवून जात नाहीत. घोटाळा बहुतेकदा खुडताना होतो: मूठ भरून उपटलं की चाकवतीच्या वीस शेंड्यांत धोतऱ्याचे दोन सहज येतात. म्हणून एकेक शेंडा पाहून खुडायचा, एका पिशवीत एकच जात ठेवायची आणि घरी पांढऱ्या कापडावर पसरून पुन्हा निवडायचं. हे दुसऱ्यांदा निवडणं कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

निवडलेली वनस्पती रोपापासून बी धरेपर्यंत पाहावी. फूल-फळ न पाहता केवळ कोवळ्या पानांवरून नाव ठरवणं नवशिक्याने करू नये. दर आठवड्याला तारीख, जागा, उंची, पानांची मांडणी, वास, चीक असं लिहावं. फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलला नाही तर बुरशी धरते. दहापट मोठं दाखवणारं भिंग फार उपयोगी पडतं. मोबाइल ॲप नाव सुचवतं, खात्री देत नाही. खात्री जाणत्या माणसाने झाड समोर पाहून द्यायची.

‘थोडं चाखून बघा, त्रास झाला नाही तर खा’ हा सल्ला धोक्याचा आहे. कळलावीतलं कोल्चिसीन किंवा काही विषारी अळंब्यांतलं विष कित्येक तासांनी त्रास देऊ लागतं आणि तोवर यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांची हानी सुरू झालेली असते. पक्षी खातात, गुरं खातात म्हणून चालतं, हाही पुरावा नव्हे. कंद आणि अळंब्या पहिल्या वर्षी पूर्ण वर्ज्य. कळलावीचा कंद रताळं किंवा रानकंद समजून खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत.

रस्त्याकडेची, सांडपाण्याची, तणनाशक फवारलेली जागा सोडावी. धूळ धुऊन जाते, मुळांवाटे पानात गेलेलं शिसं धुऊन जात नाही. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवी, संरक्षित जंगलात खुडू नये. झाड उपटण्याऐवजी कोवळे शेंडे कात्रीने घ्यावेत, बी धरायला पुरेशी झाडं राखावीत.

पहिल्यांदा खाताना एका वेळी एकच नवी भाजी, तीही शिजवून, दोन चमचे. पुढचा घास चोवीस तासांनी. चाकवत, घोळ यांत ऑक्झलेट (मूतखडे व्हायला हातभार लावणारं द्रव्य) बरंच असतं. उकळून पाणी टाकल्याने ते कमी होतं. मूत्रखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. लहान मुलं आणि गरोदर बाईला नवी रानभाजी देऊ नये.

दरवेळी न शिजवलेली एक फांदी, शक्य तर मुळासकट, ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी. तोंड कोरडं पडलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, बडबड सुरू झाली, उलट्या-जुलाब झाले, तर घरच्या घरी मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. ती फांदी आणि उरलेली भाजी घेऊन लगेच रुग्णालय गाठावं आणि किती वाजता, किती खाल्लं तेही सांगावं.